अनामत

नोव्हेंबरात दुकानाचा फ्रीझर गेला.
रात्रीत कधीतरी. सकाळी लादीवर तळं,
तळ्यात वाटाण्यांची दोन पाकिटं,
आणि डोरीन हातातला मॉप टेकवून म्हणाली,
नवा घ्यायचा तर एकवीसशे पौंड.
वूलरमध्ये एवढं गोठलेलं खातं कोण?

मी खायची.
कॉटेज पाय, मासे, ‘बटर चिकन, एका माणसासाठी’.
दिवसभर फार्मसीत फॉइलमागच्या गोळ्या मोजायच्या,
रात्री फॉइल सोलून जेवायचं.
काट्याने चार भोकं पाडा. सहा मिनिटं. ढवळा.
एक मिनिट थांबा.
ते एक मिनिट मी इमानाने थांबायची,
कोट अंगात, चाव्या हातात,
जणू आतून कुणी ‘या, बसा’ म्हणणार आहे.
अकरा वर्षं.

फ्रीझरची जागा महिनाभर तशीच होती,
लादीवर एक चौकोन, बाकीच्या लादीपेक्षा गोरा.
मग तिथे चर्चमधलं जुनं टेबल आलं,
एक पाय आखूड, त्याखाली कागदाची घडी.
वर निळ्या काठाची इनॅमलची भांडी,
भांड्यांवर फडकं, फडक्याला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी:
‘मटण आणि बार्ली. ग्वेंडा रॉब्सन. मंगळवार.
मीठ जरा जास्त पडलंय, माफ करा.’

दुकानातच दोनदा वाचली.
अकरा वर्षांत एकाही खोक्याने
माझी माफी मागितली नव्हती.

किंमत साडेपाच पौंड.
भांड्याची अनामत एक पौंड, रिकामं आणून द्या, परत घ्या.

महाग आहे, खोटं कशाला बोलू.
डेरेक टर्नबुलला पेन्शनमध्ये परवडत नाही.
तो बुधवारच्या बसने ॲनिकला जातो,
गोठलेली खोकी टॉवेलात गुंडाळून आणतो,
दर थांब्यावर पिशवीला हात लावून बघतो.
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या देताना
आम्ही दोघंही जेवणाचा विषय काढत नाही.

मटण चांगलं होतं. मीठ जास्त होतंच.
घोटाळा पुढे झाला.
भांडं घासलं, पुसलं, पिशवीत ठेवलं,
आणि दाराशी पाय अडला.
रिकामं भांडं परत कसं द्यायचं?
आई शेजारची वाटीसुद्धा देताना
काही नाही तर चिमूटभर साखर घालायची.
इथे कोण बघतंय, म्हटलं.
इथे तर लिहूनच दिलंय, रिकामं आणा.
उभी राहिले. कोट अंगात, चाव्या हातात.
मग आत गेले आणि भांड्यात दोन लिंबं ठेवली.

दुसऱ्या दिवशी ग्वेंडा गुडघ्याचं मलम न्यायला आली.
‘लिंबं चुकून राहिली का?’
सांगायला गेले, तर इंग्रजीत ते फारच लांबलं.
तिने सगळं ऐकून घेतलं.
‘म्हणजे हे कधी संपतच नाही?’
नाही, मी म्हटलं.
‘अवघड आहे,’ ती म्हणाली, आणि मलमाचे पैसे दिले.

पुढच्या मंगळवारची चिठ्ठी:
‘मटण, लिंबाची साल घालून. मीठ बेताचं.’

जानेवारीत बर्फाने बस बंद पडली, सलग दोन बुधवार.
डेरेकच्या गोळ्या मी घरी पोचवल्या,
सोबत वरणफळांचं भांडं. काय आहे म्हणून त्याने विचारलं नाही.
मीही चिठ्ठी लावली नव्हती.
माफी मागण्यासारखं बरंच होतं,
फळं कच्ची राहिली होती कडेला.

शनिवारी भांडं फार्मसीच्या पायरीवर आलं,
घासलेलं, चकचकीत.
आत वाटाण्यांचं अर्धं पाकीट,
तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा,
घट्ट गोठलेलं.